दाव्याला बांधलेली

किल्डेअर परगण्यात माझी पागा आहे, अकरा खणांची.
त्यातल्या चौथ्या खणात सरकारची घोडी.
कागदावर तिला नाव नाही. वस्तू क्रमांक सतरा.
सोळा म्हणजे मनगटी घड्याळं, डब्लिनच्या तिजोरीत,
अठरा म्हणजे मोटारबोट, ताडपत्रीखाली.
घड्याळांना चारा लागत नाही.
बोट रात्री खोकत नाही.
म्हणून सतरा माझ्याकडे आली,
पंचनाम्याच्या तीन प्रती आणि एक झूल घेऊन.

मालक स्पेनमध्ये, उन्हात.
त्याच्यावर खटला नाही. साक्षीला कोण उभं राहणार
लिमरिकच्या त्या गल्लीतून?
पण हा कायदा माणसासाठी खोळंबत नाही,
तो वस्तूलाच विचारतो:
तुला घेतलं, त्या पैशाचं गाव कोणतं?
सतरा कान हलवते.
वकील म्हणतात, आमचे अशील शर्यतीत जिंकले.
न्यायमूर्ती म्हणतात, कुठल्या? पावती दाखवा.
पुढची तारीख.

दाव्याला बांधलेली आहे, मी लोकांना सांगते.
एक सुताचं, त्याची गाठ मला सुटते.
दुसरा कागदाचा.

पहिल्याच एप्रिलमध्ये, पहाटे तीनला, ती व्याली.
पोट होतं हे पंचनाम्यात कुणी लिहिलं नव्हतं.
मी मॅलकी ड्यूगनला फोन केला, जप्तीच्या कचेरीत.
म्हटलं, मुद्देमाल वाढला.
तो अर्धवट झोपेत: कितीने?
चार पायांनी.

मग अर्धा दिवस कोर्टात खल:
शिंगराच्या बापाची फी रोख दिली होती काय,
दिली असेल तर कुणी,
आणि गुन्ह्याच्या पोटी जे जन्मतं
ते गुन्ह्याचं, की गवताचं, की डर्व्हला कीनच्या पागेचं?
मुद्दलापेक्षा व्याज गोड म्हणतात.
ते व्याज माझी बाही चघळत उभं होतं.
ड्यूगनने आकडा टाकला: सतरा-अ.

तिसऱ्या वर्षी एक बाई आली, दोन बस बदलून.
नोरीन टूही. मुलगा कॅहल, एकोणीस वर्षांचा,
बस डेपोच्या संडासात सापडलेला, बाहीत सुई.
त्या गल्लीचाच माल.
तिने आधी खुरं पाहिली, मग दात,
तिचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते.
विचारलं, दिवसाला किती खाते?
दहा किलो वाळकं गवत, वर ओट.
म्हणाली, हिची एक मांडी असेल आमच्याकडची.
डावी असेल.
मी काय बोलणार? मी घमेलं उचललं.
विकल्यावर आम्हाला काही मिळेल?
नाही. खजिन्यात जातं.
खजिन्यातून कुठे?
मला खरंच माहीत नव्हतं.
तिने कोपऱ्यातला फावडा घेतला आणि खण साफ केला,
तेव्हापासून दर गुरुवारी.

सात वर्षं. चार न्यायमूर्ती.
हुकूम आला तेव्हा गॉर्सची झुडपं पिवळी झाली होती.
घोडी सरकारजमा. लिलाव.
यॉर्कशायरच्या एका माणसाने बोट वर केलं,
सतरा वर्षांच्या घोडीला सतरा म्हणूनच नेलं.
माझं वैरणीचं बिल
त्या बोलीपेक्षा सहाशे युरोंनी जास्त होतं.
ड्यूगनने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले,
पेन्सिल कानावर ठेवली.
चोराच्या हातची लंगोटी, मी म्हटलं,
तीही धुवायची तुम्हीच.
तो हसला नाही. म्हणाला, त्याच्याकडे राहिली असती
तर तो उद्या परत आला असता, तिच्यावर बसून.
गल्लीने त्याला पाहिलं असतं.

हे मला अजून पुरतं पटलेलं नाही.
पण लिलावाच्या दिवशी गल्लीतली चार माणसं
कुंपणाशी उभी होती, काही न बोलता,
आणि एकाने टोपी काढली होती,
घोडीसाठी की हातोड्यासाठी, कळलं नाही.

सतरा-अ वरचं अपील चालू आहे.
त्याने कोर्टाच्या नोटिशीचा कोपरा खाल्ला, शिक्क्यासकट.
ड्यूगन नवी प्रत पाठवतोय.
आज गुरुवार. फाटक वाजलं.